संगीतानं माणसांना एकमेकांशी कसं बांधलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले की नागपुरात मैदानामैदानावर ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी पथकात ताशा वाजवते. त्यामुळे सरावाला येणारी पोरं-पोरी, त्यांचे आईवडील आणि मोहल्ल्यातल्या भजनी मंडळातल्या काकू-मावश्या या सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा कल आधीच सांगून ठेवते. माणसं सोबत गायला-वाजवायला लागली, म्हणून ती मोठ्या संख्येनं एकत्र नांदू शकली, असं मला पुरावे वाचून वाटतं. सगळे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत, आणि त्यांचं म्हणणंही खाली दिलं आहे.

गाण्या-बजावण्याचा आणि उत्क्रांतीचा संबंध काय?

हा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्यानं मांडला तो खुद्द चार्ल्स डार्विननं. 1871 साली माणसाच्या उत्पत्तीवर लिहिताना तो म्हणतो की, सूर निर्माण करण्याचा आणि त्यांचा आनंद घेण्याचा माणसाला रोजच्या जगण्यात थेट काही उपयोग दिसत नाही, म्हणून ही त्याची एक फार गूढ शक्ती मानायला हवी. पोट भरायला गाणं लागत नाही, वाघापासून पळायलाही लागत नाही. मग ते आलं कुठून? डार्विनचं उत्तर होतं, जोडीदाराला रिझवण्यातून. नर पक्षी गातो, तसे आपले पूर्वज बोलायला शिकण्याआधी गात असावेत, असं त्याला वाटत होतं.

यात एक अडचण आहे. निव्वळ जोडीदारासाठीच गाणं असतं, तर ते प्रामुख्यानं तरुण नरांनी, एकट्यानं गायलं असतं. आपल्याकडे आजी गाते, पाळण्यातल्या बाळासाठी आई गाते, शंभर माणसं एका आवाजात आरती म्हणतात. याचा उलगडा डार्विनच्या उत्तरातून होत नाही.

संगीत हा निव्वळ योगायोगही असू शकतो ना?

असू शकतो. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी 1997 मध्ये नेमकं हेच मांडलं. माणसाला गोड आणि स्निग्ध चवीची ओढ जगण्यासाठी मिळाली, चीजकेक मात्र त्यानं ती ओढ भागवायला स्वतः बनवला. संगीतही कानासाठी बनवलेला असाच पदार्थ आहे, असं ते म्हणाले. भाषा, ऐकण्याची ताकद, भावना ओळखण्याची कुवत हे सगळं आधीच होतं, संगीत त्यावर नंतर चढलं.

2021 मध्ये एकाच शोधपत्रिकेत दोन मोठे लेख समोरासमोर छापून आले. पॅट्रिक सॅव्हेज आणि सहकाऱ्यांचं म्हणणं, संगीत आणि माणसाची सामाजिक बांधणी एकमेकांना घडवत वाढली. सॅम्युअल मेर आणि सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं. आमची टोळी एकजूट आहे हे दुसऱ्या टोळीला खात्रीनं कळावं आणि आईचं लक्ष आपल्याकडेच आहे हे बाळाला कळावं, यासाठी संगीत आलं. वाद अजून मिटलेला नाही. मला पहिली बाजू जास्त पटते. का, ते पुढच्या उत्तरात.

“संगीतानं समाज बांधला” हा विचार कशावर उभा आहे?

हे समजायला रामटेकला जावं. गडमंदिराच्या पायऱ्यांवर काळ्या तोंडाची वानरं बसलेली असतात. नीट पाहिलं तर दिसतं, एक वानर दुसऱ्याच्या पाठीवरचे केस बोटांनी सारून काहीतरी टिपतंय आणि दुसरं डोळे अर्धवट मिटून निवांत पडलंय. थोड्या वेळानं पाळी बदलते. उवा-गोचिडं निघतात हे खरं, पण स्वच्छतेला लागेल त्याच्या कितीतरी जास्त वेळ हे चालतं. या स्पर्शानं अंगात एंडॉर्फिन स्रवतं. ही शरीरानं स्वतःच तयार केलेली वेदनाशामक रसायनं, अफूच्या जातीची. त्यातून सैलपणा येतो, भरवसा येतो, आणि भांडण झालं तर कोण कोणाच्या बाजूनं उभं राहणार हे ठरतं.

यात मेख अशी आहे की पाठ एका वेळी एकाचीच खाजवता येते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी याचाच हिशेब मांडला. कोणतंही माकड किंवा वानर दिवसातला साधारण पाचवा भागच यात घालवू शकतं, कारण उरलेल्या वेळात खायचं असतं, फिरायचं असतं. चिंपांझींचा समूह साधारण 50 चा असतो. डनबार यांच्या अंदाजानुसार माणसाचा नैसर्गिक समूह सुमारे 150 चा. इतक्या जणांशी नातं निव्वळ स्पर्शानं टिकवायचं तर दिवसाचा 40 टक्क्यांहून जास्त वेळ त्यातच गेला असता. मग शिकार कधी करायची, कंदमुळं कधी शोधायची?

म्हणून एकाच वेळी अनेकांना, तेही अंतरावरून जोडणारं काही हवं होतं. डनबार यांच्या मते आधी हसणं, मग शब्दांशिवायचं गाणं आणि नाच, आणि शेवटी भाषा, या क्रमानं माणूस पुढे सरकला. हा क्रम सिद्ध करणं कठीण आहे, कारण आवाजाचे जीवाश्म होत नाहीत. पण एंडॉर्फिनचा भाग आज, जिवंत माणसांवर तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे.

ढोल वाजवताना हात सोलवटतात, कंबर भरून येते, तरी दुखणं का जाणवत नाही?

पथकातल्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे. बोटांना चिकटपट्टी लावलेली असते, कमरेला कापड आवळून ढोल बांधलेला असतो, टिपरू धरून अंगठ्याच्या खाली फोड येतो. वाजवताना काही कळत नाही. घरी जाऊन भाजीत हात घातला की झोंबतं.

एंडॉर्फिन मेंदूत मोजणं अवघड, म्हणून संशोधक वेदना सोसण्याची मर्यादा मोजतात. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर हळूहळू आवळत जायचा आणि माणूस “बस” म्हणेल तिथे थांबायचं. 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या वल्हेपटूंवर असा प्रयोग झाला. तेच खेळाडू, तेवढेच श्रम, पण एकट्यानं वल्हवल्यावर जी मर्यादा होती, ती सगळ्यांनी एका लयीत वल्हवल्यावर लक्षणीय वाढली. 2015 मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचवून पाहिलं. जोरात नाचण्यानं मर्यादा वाढली आणि एका तालात नाचण्यानंही वाढली. दोन्हींचा परिणाम एकमेकांवर अवलंबून नव्हता, म्हणजे हळू पण तालात नाचणाऱ्यांनाही फायदा झाला.

ढोलात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. श्रम तर आहेतच, वर ताशाच्या इशाऱ्यावर सगळे ढोल एकदम पडतात. त्या एका ठोक्यात शेजारचा आपल्यासोबत आहे हे डोकं विचार करून ठरवत नाही, ते अंगालाच कळतं.

मग डीजेसमोर नुसतं उभं राहिलं तरी तेच होतं का?

नाही. डनबार यांच्याच गटानं 2012 मध्ये पाहिलं की गाणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते, नुसतं ऐकणाऱ्यांची वाढत नाही. डीजेसमोर नाचलात तर नाचण्याचा फायदा मिळेल, कारण अंग तुमचं हललं.

तरीही मला फरक वाटतो तो एवढा, की आपल्याकडच्या संदलमध्ये, म्हणजे वरातीतल्या वाद्यपथकात, वाजवणारा नाचणाऱ्यांचे पाय पाहून लय चढवतो. पोट्टे दमले की उतरवतो, नवरदेवाचा मामा पुढे आला की पुन्हा उचलतो. ही देवाणघेवाण आधीच भरून ठेवलेल्या गाण्यात होत नाही.

सगळ्यात जुनं वाद्य कोणतं?

ज्यांच्याबद्दल फारसा वाद नाही अशी सगळ्यात जुनी वाद्यं नैर्ऋत्य जर्मनीतल्या गुहांमध्ये सापडली. होले फेल्स गुहेत 2008 मध्ये निकोलस कोनार्ड यांच्या चमूला गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी मिळाली. लांबी सुमारे 22 सेंटिमीटर, जाडी जेमतेम करंगळीएवढी, पाच छिद्रं, आणि फुंकायच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा. वय 35 हजार वर्षांहून जास्त. त्याच भागातल्या गायसेनक्लोस्टर्ले गुहेतल्या बासऱ्या याहूनही जुन्या, सुमारे 42 हजार वर्षांच्या मानल्या जातात.

मला त्यातली मॅमथच्या सुळ्यापासून केलेली बासरी जास्त विचार करायला लावते. गिधाडाचं हाड मुळातच पोकळ असतं, छिद्रं पाडली की झालं. सुळा भरीव. तो उभा चिरायचा, दोन्ही भाग आतून कोरायचे, पुन्हा जोडायचे आणि हवा जराही निसटणार नाही असे चिकटवायचे. दगडी हत्यारांनी. बाहेर हिमयुग सुरू असताना कोणीतरी हे काम करत बसलं होतं, आणि टोळीतले बाकीचे तेवढे दिवस त्याला खाऊ घालत होते. संगीत ही फावल्या वेळची चैन होती असं म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे इथलं गुहा-अस्वलाचं छिद्रं असलेलं हाड याहून जुनं, निअँडरथल काळातलं आहे. पण ती छिद्रं माणसानं पाडली की जनावराच्या दातांनी पडली, यावर एकमत नाही.

बासरीच्या आधी काय होतं? गळा, टाळ्या, मांडीवरची थाप, पोकळ खोड, ताणलेलं कातडं. यातलं काहीच जमिनीत टिकत नाही. म्हणून 42 हजार वर्षं ही संगीताची सुरुवात समजू नये, तिथपर्यंतचा पुरावा हाती लागला एवढंच.

जनावरांना ताल कळतो का?

थोड्यांना, आणि तुकड्यातुकड्यानं. आसामच्या जंगलातले हुलॉक गिबन नर-मादी जोडीनं गातात. चिंपांझी मोठ्या झाडांच्या फळीसारख्या मुळांवर हातापायांनी ढोल बडवतात आणि तो आवाज किलोमीटरभर जातो. अमेरिकेतला स्नोबॉल नावाचा कॉकटू पक्षी गाण्याची गती बदलली की आपलं नाचणंही बदलतो, हे 2009 मध्ये अनिरुद्ध पटेल यांनी दाखवलं. कॅलिफोर्नियातली रोनन ही सी-लायन तालावर मान डोलवायला शिकली.

पण दहा-वीस जणांनी एक ठेका धरायचा, एकानं लय वाढवली की सगळ्यांनी सोबत वाढवायची, हे सहज आणि आनंदानं करणारी माणसासारखी दुसरी जात नाही.

तान्ह्या बाळाला संगीत कळतं का?

हंगेरीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना तालाचा ठेका ऐकवला आणि मधूनच समेसारखा मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूनं तो गाळलेला ठोका टिपला. ठेका कसा असतो हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्याहून मला भावलेला प्रयोग कॅनडातला, 2014 चा. 14 महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीतावर हलवलं, आणि समोर उभी असलेली अनोळखी बाई काहींसोबत त्याच तालात हलली, काहींसोबत बेताल. मग त्या बाईनं हातातल्या वस्तू मुद्दाम खाली पाडल्या. जिच्यासोबत ताल जुळला होता तिला वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त वेळा पुढे आली. बोलता न येणारं मूल “ही आपल्यातली” हे तालावरून ओळखतं. जर्मनीत चार वर्षांच्या मुलांवरही असंच दिसलं. मिळून गात-वाजवत खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक तत्परतेनं धावली.

संगीत नसलेला समाज जगात आहे का?

2019 मध्ये मेर यांच्या चमूनं 315 समाजांच्या नोंदी तपासल्या. संगीत सगळीकडे मिळालं. मात्र प्रत्येक प्रकार सगळीकडे असतोच असं नाही. पॅराग्वेतल्या उत्तर आचे लोकांमध्ये नाच आणि बाळासाठीची गाणी आढळत नाहीत, असं 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची लोकसंख्या मध्यंतरी फार घटली होती आणि त्या काळात या प्रथा हरवल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ही नोंद मला महत्त्वाची वाटते. गाण्याची कुवत जन्मजात असली तरी अंगाईगीत पिढीकडून पिढीकडे द्यावंच लागतं.

नवीन मोहल्ल्यात राहायला आले, ओळखी नाहीत. भजनी मंडळात गेल्यानं खरंच काही होईल का?

जरूर जा. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या छंदवर्गांचा सात महिने अभ्यास झाला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत जवळीक सारखी झाली, पण गाणाऱ्यांमध्ये ती कितीतरी लवकर झाली. एकमेकींची नावं, नोकऱ्या, सासर-माहेर विचारून होण्याआधीच. लंडनच्या एका हौशी गायनसंघावरही 2016 मध्ये अभ्यास झाला. 20 ते 80 जणांच्या छोट्या तुकड्या आणि मग सगळे मिळून 232 जण. इतक्या मोठ्या गर्दीत बहुतेकांना एकमेकांची तोंडओळखही नव्हती, तरी सोबत गायल्यावर जवळीक वाढली. 150 च्या वर माणसं कशी जोडली गेली असतील, याची ही छोटीशी झलक आहे.

आपल्या भागातल्या कोणत्या प्रथांमध्ये हे दिसतं?

किती सांगू! भुलाबाई घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी जातात, मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. कोणी डबा हलवून कानाशी नेते, कोणी झाकणाशी नाक नेते, “गोड की तिखट?” असा गलका होतो, आणि ओळखली की सगळ्यांना वाटून खायची. ताल, सूर, खेळ आणि वाटून खाणं, एका संध्याकाळी, वेगवेगळ्या घरांतल्या मुलींमध्ये. हे सगळं एखाद्या संशोधकानं मुद्दाम जुळवून आणलं असतं तरी इतकं नेटकं जमलं नसतं. आता हे फार थोड्या गल्ल्यांत उरलंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीला बाया ओळीनं चिखलात वाकून गातात. गाण्यामुळे हात एका गतीनं चालतात, कोणी मागे पडत नाही. दळणाचंही तेच. जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा तर ओढ जुळायला हवी, आणि ती ओवी जुळवते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे फार नेमकं ओळखलं होतं. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजनं गायले आणि जात-पंथ न पाहता सगळ्यांनी एकत्र बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना त्यांनी रुजवली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. त्यातले बहुसंख्य एकमेकांना कधी भेटलेले नसतात. पाली वंदना एका आवाजात सुरू झाली की अनोळखीपण गळून पडतं, आणि 1956 पासून भीमगीतांनी वस्त्यावस्त्यांत हीच जोडणी चालू ठेवली आहे.

मारबतीची गोष्ट निराळी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. तिथे सुरेल काही नसतं. “घेऊन जा गे मारबत” हा एकच घोष, सोबत ढोल, आणि रोगराईपासून महागाईपर्यंत जे जे छळतं ते सगळं घेऊन जा म्हणायचं. सगळ्यांचं दुखणं एका लयीत ओरडून काढण्याचा हा प्रकार संगीताच्या अगदी मुळाजवळचा आहे असं मला वाटतं.

माझा सूर लागत नाही. मी गप्प बसावं का?

अजिबात नाही. सूर खरोखर न कळण्याची जन्मजात स्थिती सुमारे 1.5 टक्के लोकांमध्येच असते. बाकीच्यांना बहुतेक वेळा लहानपणी कोणीतरी “तू नको गाऊस, नुसते ओठ हलव” म्हटलेलं असतं. माझ्या वर्गातही अशी मुलं येतात आणि दरवेळी चीड येते. वर दिलेल्या प्रयोगांत गाणारे बहुतेक हौशी होते, कोणी नावाजलेले गवई नव्हते. जवळीक वाढायला सोबत असणं आणि लय धरणं पुरलं. मंचावर गायचं असेल तर रियाज हवाच, आरतीला आणि कोरसला नको.

संगीत ऐकून काहीच वाटत नाही. हा दोष आहे का?

नाही. साधारण 3 ते 5 टक्के लोकांना संगीतातून आनंद मिळत नाही, बाकी सगळ्या गोष्टींतून मिळतो. ते निष्ठुर नसतात, त्यांना जवळ येण्याच्या दुसऱ्या वाटा असतात.

संगीत माणसं तोडतंही का?

तोडतं, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. आतल्यांना घट्ट बांधणारी गोष्ट बाहेरच्यांना बाहेर ठेवायलाही वापरता येते. इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी सैन्यातल्या कवायतीवर 1995 मध्ये याच विषयाचं पुस्तक लिहिलं. ताला-पावलात चालणारी माणसं एकमेकांसाठी मरायला तयार होतात, म्हणजे मारायलाही. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर मुद्दाम ढोल चढवणं हा त्याच शक्तीचा वापर आहे, आणि ज्यांना तालाची ताकद कळते त्यांची जबाबदारी जास्त. आमच्या पथकात अशा जागी ठेका उतरवायचा आणि पुढे निघायचं हा नियम आहे. यावरून नाराज झालेली मुलंही पाहिली आहेत. नियम तसाच आहे.

सरावामुळे मुलांच्या कानांना धोका आहे का?

आहे. 85 डेसिबल आवाजात रोज आठ तासांपर्यंत राहणं कामाच्या ठिकाणी सुरक्षित धरतात. प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं उरतात. ताशाच्या शेजारी आवाज याहून सहज वर जातो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे कानबोळे बोटांनी चेपून, कान वर ओढून आत बसवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ठेका त्यातूनही नीट ऐकू येतो, शिवाय ढोलाचा ठोका छातीत जाणवतोच. लहान मुलांना ताशाच्या रांगेपासून लांब, टाळ-झांजेकडे किंवा ध्वजाकडे उभं करा. सराव बंद हॉलमध्ये नको, मैदानावरच ठेवा. घरी गेल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दुसऱ्या दिवशी वाजवायचं नाही, आणि तो दोन दिवसांत थांबला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.